आरडी२९ए एकदा १२ पट, एकदा जवळपास ३०० पट. चूक माझी की झाडाची?

कोवळी_पालवी

नमस्कार मंडळी. अरॅबिडॉप्सिसमध्ये (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगात वापरतात ते छोटं झाड) आरडी२९ए सारखी ताणाला प्रतिसाद देणारी जनुकं क्यूपीसीआरवर (जनुकाचा एमआरएनए, म्हणजे त्याची कामाची नक्कल, किती आहे ते मोजणारी पद्धत) मोजतोय आणि आकडे काही केल्या जुळत नाहीत. मांडणी अशी आहे:

कोलंबिया वाण, १४ दिवसांची रोपं, अर्ध्या ताकदीचं एमएस माध्यम, १ टक्का साखर, २२ अंश, उजेड १६ तास (दिवे सकाळी ६ ला लागतात, रात्री १० ला बंद). ताण चार: गाळणकागदावर ठेवून सुकवणं, १५० मिलिमोलर मीठ, ४ अंश थंडी, १०० मायक्रोमोलर एबीए (ॲब्सिसिक आम्ल, झाडाचं ताणाचं संप्रेरक). नमुने ०, १, ३, ६ आणि २४ तासांना. संदर्भ जनुक (ताणात बदलत नाही असं धरून तुलनेला घेतलेलं) ॲक्टिन२.

प्रश्न चार.

१. सुकवण्याच्या ३ तासांच्या नमुन्यात आरडी२९ए चे सीटी (कितव्या चक्राला संकेत दिसला तो आकडा; जितका कमी तितका एमआरएनए जास्त) असे आले. पहिली फेरी: कंट्रोल (ताण न दिलेली रोपं) २७.२, सुकवलेली २३.६. दुसरी फेरी: कंट्रोल ३१.५, सुकवलेली २३.३. ॲक्टिन२ चारही ठिकाणी २० च्या जवळ. हिशेब केला की १२ पट आणि २९४ पट. कुठला खरा?

२. थंडीत आरडी२९ए चढतं, आरडी२९बी जागचं हलत नाही. दोन्ही एकाच कुळातली, गुणसूत्रावर एकमेकांना खेटून. बी चे प्रायमर बाद आहेत का? शिवाय थंडीची दुसरी फेरी एकूणच फिकी गेली, थंडीत उठणारं सीबीएफ३ जनुक पहिल्या फेरीच्या मानाने काहीच चढलं नाही.

३. ३५एस प्रवर्तकावर (जनुक सतत चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा) डीआरईबी२ए बसवलेली रोपं आहेत. त्यात डीआरईबी२ए चा एमआरएनए भरपूर दिसतो, पण आरडी२९ए वाढत नाही आणि रोपं सुकण्याला जास्त टिकतही नाहीत. मग हे जनुक ताणाचा मोठा मुकादम म्हणून का गाजलंय?

४. एकदा सुकवून, पाणी देऊन, दुसऱ्या दिवशी परत सुकवली तर आरडी२९बी पहिल्यापेक्षा जास्त चढतं. आरडी२९ए मात्र पहिल्याइतकंच. हा आकड्यांचा खेळ की झाडाला खरंच आठवतं?


पर्णरंध्र

दुसरा प्रश्न आधी घेतो, सोपा आहे. प्रायमर बहुधा ठीक आहेत, झाड बरोबर वागतंय.

दोन जनुकं शेजारी असली तरी दारावरच्या कड्या वेगळ्या आहेत. आरडी२९ए च्या प्रवर्तकात डीआरई नावाचा छोटा अक्षरक्रम आहे: गाभा सीसीजीएसी, त्याच्या अलीकडे ए किंवा जी. शिवाय एबीएला दाद देणारा एबीआरई आहे, त्याचा गाभा एसीजीटीजी. आरडी२९बी चं काम चालतं ते एबीआरईच्या जोरावर. थंडीत सीबीएफ प्रथिनं (म्हणजेच डीआरईबी१ गट) तयार होतात आणि ती डीआरईवर बसतात. या वाटेला एबीएची गरज नाही. ज्याचं काम त्या कडीवर चालतच नाही ते दार थंडीत वाजणार कसं?

एबीएची वाट अशी. पाणी घटलं की एनसीईडी३ चढतं आणि एबीए बनू लागतं. एबीए नसतं तेव्हा पीपी२सी नावाची फॉस्फटेज प्रथिनं एसएनआरके२ कायनेजवरचे फॉस्फेट काढून त्यांना निजवून ठेवतात. एबीए पीवायएल ग्राहकाच्या खोबणीत शिरलं की खोबणीवरचं झाकण मिटतं, आणि मिटलेल्या झाकणाची ती बाजू पीपी२सी च्या कामाच्या जागेत जाऊन रुतते. पहारेकरीच अडकला म्हटल्यावर कायनेज मोकळे होतात, एबीएफ (दुसरं नाव एआरईबी) प्रथिनांना फॉस्फेट लावतात आणि ती एबीआरई चालू करतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये असे १४ ग्राहक आहेत. एखादं मोडलं तरी बाकीचे निभावून नेतात, म्हणून साध्या उत्परिवर्तनांच्या शोधात ते वर्षानुवर्षं निसटत राहिले आणि २००९ साली हाती लागले.

याचा तुमच्यासाठी उपयोग असा: आरडी२९ए हा चौक आहे. थंडी, मीठ, कोरड, एबीए, चारही वाटा तिथे येतात, त्यामुळे चौकात गर्दी दिसली म्हणून ती कुठून आली ते कळत नाही. सोबत आरडी२९बी आणि एबीएच्या वाटेवरचं आरएबी१८ मोजा. तिन्ही चढली तर एबीएची वाट चालू आहे. आरडी२९ए एकटंच चढलं तर डीआरईची. थंडीत तुम्हाला नेमकं हेच दिसलंय.

तरी प्रायमरची शंका फेडून घ्या. एबीए दिलेल्या ३ तासांच्या नमुन्याचा सीडीएनए (एमआरएनएवरून बनवलेला डीएनए) घ्या (आरडी२९बी त्यात हमखास असतं), दर वेळी पाचपट पातळ करत पाच पायऱ्या लावा आणि सीटीचा उतार काढा (आडव्या अक्षावर सीडीएनएच्या प्रमाणाचा लॉग१०). उणे ३.३२ म्हणजे प्रत्येक चक्रात बरोबर दुप्पट. उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये असेल तर चालेल.

मिठाबद्दल एक आगाऊ सूचना. नुसतं मीठ दिलं तर जे चढलं ते सोडियममुळे की पाणी ओढलं गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. जोडीला ३०० मिलिमोलर मॅनिटॉल ठेवा (लिटरला ५४.७ ग्रॅम). मीठ विरघळून दोन कण होतात, मॅनिटॉलचा एकच राहतो, म्हणून १५० मिलिमोलर मीठ (लिटरला ८.८ ग्रॅम) आणि ३०० मिलिमोलर मॅनिटॉल दोघांचंही ऑस्मोटिक पोटेन्शियल उणे ०.७ मेगापास्कलच्या आसपास येतं. दोन्हीत सारखं चढलं तर ते पाण्याच्या ओढीचं. मिठात जे जादा दिसेल ते सोडियमच्या खात्यावर.


सीटी_चाळीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. "पट" बाजूला ठेवा आणि सीटी नुसते वाचा.

सुकवलेली रोपं: २३.६ आणि २३.३. फरक ०.३ चक्राचा, म्हणजे सव्वापटीचाही नाही. दोन वेगळ्या फेऱ्यांसाठी हे झकास जुळलंय.

कंट्रोल: २७.२ आणि ३१.५. फरक ४.३ चक्रांचा, म्हणजे सुमारे २० पट.

ताण दिलेल्या रोपांनी दोन्ही वेळा एकच सांगितलं. घोळ कंट्रोलमध्ये आहे. आरडी२९ए निवांत झाडात जवळजवळ शून्य असतं, आणि आपण "पट" काढताना त्या जवळजवळ शून्याने भागतो. छेद जरा हलला की भागाकार उड्या मारतो. ताणाच्या सगळ्या जनुकांना हा रोग आहे. म्हणून अहवालात पट द्यायचे तर द्या, पण सोबत प्रत्येक नमुन्याचा डेल्टा सीटी (जनुकाचा सीटी वजा संदर्भ जनुकाचा सीटी) स्वतंत्र दाखवा आणि सांख्यिकी चाचणी डेल्टा सीटीवर चालवा. पटांवर चालवू नका, कारण पटांचं वितरण एका बाजूला कललेलं असतं.

आता २७.२ कशामुळे? शक्यता दोन.

एक, जीनोमिक डीएनए. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेली नळी लावली होती का? तिचा सीटी खऱ्या नमुन्यापेक्षा निदान ७ चक्रं मागे हवा, मग भेसळ १ टक्क्याच्या आत राहते. ३१.५ ला येणाऱ्या कंट्रोलसाठी ही अट अवघड आहे. अशा जनुकाला डीएनएज (डीएनए मोडणारं विकर) नीट दिल्याशिवाय हात लावू नये. मात्र डीएनए हेच कारण असेल तर ॲक्टिन सोडून बाकी कमी पातळीची जनुकंही त्याच कंट्रोलमध्ये वर आलेली दिसतील. ते ताडून बघा.

दोन, आणि माझा वहीम यावरच आहे: तुमच्या कंट्रोलला ताण बसलाय. बंद पेट्री डिशमध्ये हवा बाष्पाने भरलेली असते, रोपांची पानं त्याच हवेला सरावलेली, क्युटिकल पातळ, रंध्रं सताड उघडी. झाकण काढलं की ती भराभर सुकतात. आरडी२९ए सुकण्याला वीसेक मिनिटांत जागं होतं. तुम्ही चिमट्याने रोपं उपटेपर्यंत आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत किती वेळ गेला, हा खरा प्रश्न.

पुढच्या फेरीत असं करा. एका नळीसाठी लागणारी रोपं एका वेगळ्या डिशमध्येच वाढवा, म्हणजे एक डिश उघडली की ती पूर्ण संपते, अर्धी परत झाकून ठेवायची वेळ येत नाही. झाकण उघडल्यापासून नायट्रोजनपर्यंत ६० सेकंद, त्यापलीकडे नाही. मुळं माध्यमातून ओढून काढू नका, तुटतात आणि जखमेचा जॅस्मोनेट प्रतिसाद मिसळतो; उभ्या डिशवर रोपं वाढवली तर मुळं वरच्या वर निघून येतात. कंट्रोललाही तेवढीच हाताळणी हवी: सुकवणारी रोपं कोरड्या गाळणकागदावर, तर कंट्रोल ओल्या गाळणकागदावर, झाकण लावून. नुसती डिशमध्ये ठेवलेली रोपं हा सुकवण्याचा कंट्रोल नाही, त्यात हाताळणीचा भाग येतच नाही. आणि शून्य तासाचा एकच नमुना सगळ्या वेळांना कंट्रोल म्हणून वापरू नका. १, ३, ६, २४, प्रत्येक तासाला त्याचा स्वतःचा कंट्रोल.

सुकवण्याचं माप तासांत ठेवणं हीही चूकच. खोलीतली आर्द्रता ४० टक्के असेल तर ३ तासांत रोप कुरकुरीत होईल, ७० असेल तर नुसतं मलूल. पानातलं सापेक्ष पाणी मोजा. ताजं वजन, मग ४ तास मंद उजेडात ऊर्ध्वपातित पाण्यावर तरंगवून टिपून घेतलेलं फुगलेलं वजन, मग ७० अंशांना ४८ तास वाळवून कोरडं वजन. ताज्यातून कोरडं वजा, फुगलेल्यातून कोरडं वजा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, गुणिले १००. उदाहरणार्थ ताजं ४२ मिलिग्रॅम, फुगलेलं ५०, कोरडं ५: ३७ भागिले ४५, म्हणजे ८२ टक्के. दोन फेऱ्यांची तुलना या टक्क्यावर करा, घड्याळावर नको.

ॲक्टिन२ बद्दल: तुमच्याकडे चारही ठिकाणी २० आलाय म्हणून आत्ता तक्रार नाही, पण ताणाच्या प्रयोगात एका संदर्भ जनुकावर भिस्त ठेवू नये. पीपी२ए चं उपघटक जनुक (एटी१जी१३३२०) आणि टिप४१सारखं जनुक (एटी४जी३४२७०) ही जोडी बऱ्याच ताणांत स्थिर राहते. तुमच्या परिस्थितीत राहते का हे तुम्हालाच तपासावं लागेल.


कोवळी_पालवी

@सीटी_चाळीस, वही काढून बघितली. पहिल्या फेरीत आधी सगळी ताणाची रोपं उचलली आणि कंट्रोल शेवटी. तोवर कंट्रोलच्या डिशची झाकणं उघडी होती, साधारण २५ मिनिटं. दुसऱ्या फेरीत कंट्रोल आधी उचलला. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना नळी दोन्ही वेळा ३८ च्या पुढे.

थंडीची पहिली फेरी सकाळी १० ला सुरू केली होती, दुसरी संध्याकाळी ७ ला. याने फरक पडतो?


सीटी_चाळीस

२५ मिनिटं उघडी. मग १२ पट विसरा, तो आकडा "सुकवलेलं भागिले थोडं सुकवलेलं" असा आहे. पण २९४ लाही फार कवटाळू नका, ३१.५ ला एक चक्र इकडेतिकडे झालं की तो १५० किंवा ६०० होतो. "जवळपास शून्यावरून भरपूर" एवढंच खरं. जैविक पुनरावृत्ती किमान तीन, त्याही वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या. एकाच सीडीएनएच्या तीन नळ्या म्हणजे पिपेटची परीक्षा, झाडाची नव्हे.

थंडीच्या वेळेने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. सीबीएफ जनुकांवर झाडाच्या अंतर्गत घड्याळाचा पहारा असतो. दिवे लागल्यावर ४ तासांनी थंडी दिली तर सीबीएफ सगळ्यात जास्त चढतात, १६ तासांनी दिली तर सगळ्यात कमी. तुमचे दिवे ६ ला लागतात, म्हणजे सकाळचे १० हा बरोब्बर माथा, आणि संध्याकाळचे ७ म्हणजे १३ तास झालेले, तळाकडे चाललेली उतरण. सकाळी चढणारी सीसीए१ आणि एलएचवाय ही घड्याळाची प्रथिनं सीबीएफच्या प्रवर्तकांवर थेट बसतात. झाडाला एकच ४ अंश सकाळी एक सांगतात, संध्याकाळी दुसरं.

शिवाय सीबीएफ ही घाईची जनुकं आहेत. १५ मिनिटांत उठतात, १ ते ३ तासांत माथा गाठतात आणि मग ओसरतात. सीओआर१५ए सारखी त्यांच्या हाताखालची जनुकं मागाहून चढतात आणि २४ तासांनीही वर असतात. २४ तासांना सीबीएफ३ मोजून "थंडीत फरक नाही" असं लिहिणारे कमी नाहीत.

थंडीसाठी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आतला अंधार विसरू नका. उजेडासकट थंड कपाट हवं. नसेल तर कंट्रोलही तेवढाच वेळ अंधारात, २२ अंशांना.


खोडकीड

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. तुमची ३५एस रोपं बिघडलेली नाहीत. डीआरईबी२ए चा एमआरएनए वाढवून फारसं काही होत नाही, हे या जनुकाचं गाजलेलं वैशिष्ट्यच आहे.

या प्रथिनाच्या मधोमध ३० अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे, १३६ ते १६५. तो असेपर्यंत प्रथिन टिकत नाही: डीआरआयपी१ आणि डीआरआयपी२ ही युबिक्विटिन लायगेज प्रथिनं त्याला खूण चिकटवतात आणि प्रोटिआसोम त्याचा फडशा पाडतं. एमआरएनए ओतत राहा, साध्या परिस्थितीत प्रथिन साठणारच नाही. भोकाच्या हंड्यात पाणी भरण्यातला प्रकार. ताण आला की प्रथिन टिकू लागतं. तो पट्टा कापून टाकलेलं रूप (डीआरईबी२ए-सीए) ३५एस वर लावलं तर मात्र आरडी२९ए वाढतं, रोपं कोरडीला टिकतात आणि त्याची किंमतही दिसते: खुरटतात.

ही खुरटण्याची किंमत लक्षात घेतली की झाडाने इतके लगाम का ठेवलेत ते समजतं. डीआरईबी१ए ३५एस वर सतत चालू ठेवलं तरी हेच: थंडी-कोरड सोसणारी पण बुटकी रोपं. तेच जनुक आरडी२९ए च्याच प्रवर्तकावर लावलं की ताण येईपर्यंत ते गप्प बसतं आणि वाढ बरीचशी वाचते. हे १९९९ सालीच दाखवून झालंय. कुठलंही ताण-जनुक बाहेरून लावायचं असेल तर ३५एस पेक्षा ताणाने चालू होणारा प्रवर्तक हा पहिला विचार असावा.

तुमच्या रोपांत लगाम कुठे आहे ते बघायचं तर प्रथिन मोजा: वेस्टर्न (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी), आणि सोबत ५० मायक्रोमोलर एमजी१३२ देऊन प्रोटिआसोम रोखलेला नमुना. एमजी१३२ ने पट्टी उजळली तर प्रथिन बनतंय पण मोडलं जातंय. फक्त एक सापळा टाळा. एमजी१३२ ने मोडकी प्रथिनं साठतात, आणि मोडकी प्रथिनं हाच उष्णतेच्या प्रतिसादाचा भोंगा आहे: एचएसपी७० आणि एचएसपी९० त्यांच्या मागे धावतात, त्यांनी एरवी पकडून ठेवलेलं एचएसएफए१ सुटतं आणि उष्णतेची जनुकं २२ अंशांनाच चालू होतात. तेव्हा एमजी१३२ च्या नमुन्यावर एमआरएनए मोजून ताणाबद्दल काही म्हणू नका. तो नमुना वेस्टर्नपुरता.

एमआरएनए म्हणजे प्रथिन नव्हे, याची आणखी दोन उदाहरणं, तुम्ही पुढे दुसऱ्या झाडांकडे वळलात तर उपयोगी पडतील.

भातात डीआरईबी२बी चा एमआरएनए दोन रूपांत असतो. निवांत असताना जास्त असतं ते दुसरा एक्झॉन (जनुकाचा एमआरएनएत ठेवला जाणारा तुकडा) धरून ठेवलेलं रूप; त्यात वाचनाची चौकट सरकते आणि कामाचं प्रथिन बनत नाही. ताणात तो एक्झॉन गाळला जातो आणि खरं प्रथिन मिळतं. जनुक वाचलं जाण्याचा वेग फारसा न बदलताही काम चालू होतं. शेवटच्या एक्झॉनवर प्रायमर लावले तर दोन्ही रूपं एकत्र मोजली जातील आणि फरक दिसणार नाही. एक प्रायमर एक्झॉन १ आणि ३ च्या सांध्यावर बसवा.

दुसरं, पाण्याखाली गेलेली मुळं. तिथे गट-७ ची ईआरएफ प्रथिनं आधीपासून बनतच असतात, पण त्यांच्या टोकाशी मेथिओनिननंतर सिस्टीन असतं. मेथिओनिन उतरलं की ऑक्सिजनच्या मदतीने ते सिस्टीन ऑक्सिडाइज होतं आणि प्रथिन मोडीत जातं. ऑक्सिजन संपला की मोडणं थांबतं, प्रथिन साठतं आणि एडीएच१, पीडीसी१ ही किण्वनाची जनुकं चालू होतात. इथे ऑक्सिजनची जाणीव आणि जनुकाचं बटण एकाच रेणूत आहे. झाडाला वेगळ्या निरोप्याची गरजच नाही. मला तरी वनस्पतींतली सगळ्यात देखणी यंत्रणा हीच वाटते, पण तो आवडीचा भाग झाला.


हिरवा_देठ

चौथ्याचं उत्तर एका शब्दात: एपिजेनेटिक (जनुकाची अक्षरं तीच, त्यावरच्या खुणा बदलतात). झाडाला आठवतं, आणि ही आठवण बियांतून पुढच्या पिढीतही जाते. दोन-तीन वेळा सुकवलेल्या रोपांचं बी धरा, आपोआप कोरडीला तयार रोपं मिळतील.


पर्णरंध्र

@हिरवा_देठ, पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा नाही. निदान या जनुकाच्या बाबतीत तरी नाही.

कोवळी_पालवीने जे पाहिलं ते खरंच आहे आणि दोन जनुकांतला फरकही खराच. २ तास हवेत सुकवायचं, २२ तास दमट हवेत सावरू द्यायचं, परत सुकवायचं, अशा फेऱ्यांत आरडी२९बी आणि आरएबी१८ दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त चढतात. आरडी२९ए आणि सीओआर१५ए दर वेळी तेवढीच. सावरण्याच्या काळात आरडी२९बी चा एमआरएनए खाली येतो, पण त्याच्या हिस्टोनवरची (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरची) एच३के४ ट्रायमिथाइल खूण पूर्ण पुसली जात नाही, आणि आरएनए पॉलिमरेज २ जनुकाच्या सुरुवातीशी थबकून राहतो. गाडी बंद केलीय पण चावी लावलेलीच आहे, असं समजा. पुढच्या वेळी निघायला वेळ लागत नाही.

पण ही चावी किती दिवस लागलेली राहते? नियमित पाणी दिलं तर ५ दिवसांपर्यंत असर दिसतो, ७ दिवसांनी नाही. बी धरायला त्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. आणि जी खूण महिनोनमहिने टिकते, म्हणजे हिवाळ्यानंतर फुलणं रोखणाऱ्या एफएलसी जनुकावर बसणारी एच३के२७ ट्रायमिथाइल, तीसुद्धा बी तयार होताना पुसली जाते. पुसली जाते म्हणूनच दर पिढीला स्वतःची थंडी सोसल्यावरच फुलायची मुभा मिळते. ती खूण पुढे गेली असती तर पुढची पिढी हिवाळ्याआधीच फुलून बसली असती. पिढ्यांच्या पार जाणाऱ्या ताणाच्या आठवणींबद्दलचे दावे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच मातृवृक्षाने बियांत कमी-जास्त साठा भरला एवढ्यावरूनही समजावता येतात. हा कंट्रोल नसेल तर विश्वास ठेवू नये.

@कोवळी_पालवी, हे पक्कं करायचं तर आधी दोन साध्या गोष्टी. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या सुकण्यात पानातलं सापेक्ष पाणी सारखंच होतं का ते दाखवा. उलटही होतं: एकदा सुकलेलं रोप रंध्रं लवकर मिटतं आणि दुसऱ्यांदा कमी सुकतं. कमी सुकूनही आरडी२९बी जास्त चढलं असेल तर तुमचा मुद्दा आणखी घट्ट होतो. आणि सावरण्याच्या शेवटी, दुसरं सुकवणं सुरू करण्याआधीचा नमुना हवाच. तिथे आरडी२९बी मूळ पातळीला आलेलं नसेल तर ती आठवण नव्हे, नुसती उरलेली शिल्लक.

त्यानंतर क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोन मिळून, त्यावरच्या खुणा बघायच्या. १ ते २ ग्रॅम पानं, १ टक्का फॉर्मल्डिहाइड, निर्वातात १० मिनिटं, मग ०.१२५ मोलर ग्लायसिन घालून ५ मिनिटं. फॉर्मल्डिहाइड पानात शिरलं की नाही हे रंगावरून ओळखा: पानं गडद, पाणी पिऊन पारदर्शक झाल्यासारखी दिसली पाहिजेत आणि तळाशी बसली पाहिजेत. तरंगत राहिली तर हवा आतच आहे, निर्वात परत लावा. सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी डीएनए तोडल्यावर) तुकडे २०० ते ५०० बेसजोड्यांचे, जेलवर बघून. सगळ्यात जास्त प्रयोग इथेच वाया जातात: तुकडे मोठे राहिले की शेजारच्या जनुकाची खूणही या जनुकाच्या नावावर लागते, आणि आरडी२९ए व बी तर शेजारीच आहेत. एच३के४ ची खूण एकूण एच३ ने भागून द्या, नुसती इनपुटच्या टक्क्यात नको. ताणात हिस्टोनच सरकतात.


कोवळी_पालवी

खूप आभार. सुकवणं आणि थंडी दोन्ही फेऱ्या नव्याने लावतो, थंडी सकाळी १० लाच. शेवटचं एक: एबीएच्या फेरीत कंट्रोल म्हणून साधं पाणी फवारलं होतं. एबीए इथेनॉलमध्ये विरघळवलेलं आहे. चालेल ना?


सीटी_चाळीस

नाही चालणार, तेवढंच इथेनॉल कंट्रोललाही हवं. १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये २६.४ मिलिग्रॅम एबीए घातलं की १०० मिलिमोलरचा साठा होतो. त्यातला १ मायक्रोलिटर दर मिलिलिटर पाण्याला, म्हणजे १०० मायक्रोमोलर आणि इथेनॉल ०.१ टक्का. कंट्रोललाही ०.१ टक्का. साठा उणे २० ला, नळी फॉइलमध्ये गुंडाळून, कारण उजेडात एबीए बिघडतं. बाटलीवर धन-ऋण दोन्ही चिन्हं असतील तर ते मिश्रण आहे, निम्मंच झाडाच्या स्वतःच्या रूपातलं. दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी ताडण्याआधी त्यांनी कुठलं वापरलं ते बघा.

फवारण्यापेक्षा रोपं द्रवात तरंगवणं बरं, मात्रा सारखी बसते. फक्त द्रवात हलवण्याचाही धक्का असतो, म्हणून आदल्या रात्रीच द्रव माध्यमात घालून ठेवा आणि सकाळी १० ला एबीए सोडा. रात्रभर हलक्या हलवणीवर ठेवा, नाहीतर बुडालेल्या मुळांत ऑक्सिजन संपेल आणि एडीएच१ वर येईल.


खोडकीड

आणि एडीएच१ जरूर मोजा. एबीएच्या कंट्रोलमध्ये ते वर दिसलं तर हलवणी कमी पडली.